ज्याचं चित्र, त्याचा होकार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकेल तेवढा, उरलेला मनातून). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांच्या सल्ल्यानंच इलाज चालू आहे? इकडे सगळे ठणठणीत. लिहिण्यास कारण तसं काहीच नाही. आठवण आली, बसलो लिहायला. कारणाशिवाय हा कधी पत्र लिहीत नाही, असं तू भावोजींना म्हणशील. म्हण बापडी.

निवृत्तीनंतर मला चित्रांचा नाद लागला हे तुला ठाऊकच आहे. दर रविवारी आमच्या चित्रवर्गाची मंडळी घडीची स्टुलं काखोटीला मारून निघते आणि रस्त्यावर दिसेल ते तिथंच बसून कागदावर उतरवते. (हिचं म्हणणं, घरातला नळ गळतोय, तोही एकदा बसून बघा.) आमच्या गुरुजींचे नियम कडक. खोडरबर वर्ज्य. चित्र घरी नेऊन सजवायचं नाही. आणि प्रदर्शनात लावायचं, तर चित्रात जो ओळखू येईल त्याला ते दाखवून त्याचा होकार आणायचा. गेल्या प्रदर्शनात माझं एकही चित्र लागलं नाही आणि मी मात्र सगळ्या जुन्या ऑफिसला आमंत्रण देऊन बसलो होतो. तेव्हा यंदा प्रश्न अब्रूचा होता.

आधी फळवाल्याला गाठलं. माणूस हसतमुख, पण चित्र बघून चेहरा उतरला, कारण तराजू एका बाजूला झुकलेला. “काका, हे गिऱ्हाइकांनी बघितलं तर उद्यापासून माझी फळं मीच खायची का?” पुन्हा काढलं. तराजू सरळ झाला, तर सफरचंदं सुरकुतलेली निघाली. तिसऱ्यांदा फळं टवटवीत आली, पण नाक त्याच्या भावाचं आलं, आणि भावाशी त्याचा अबोला आहे.

मग न्हावी. मी काढतोय हे कळताच गडी वस्तरा हवेत धरून, हनुवटी उंचावून जो थांबला तो थांबलाच. खुर्चीतलं गिऱ्हाईक डोळे मिटून, गालभर फेस. मी म्हटलं, तुमचं काम चालू द्या. तो म्हणाला, “तुम्ही काढा निवांत.” फेस वाळला, गिऱ्हाइकानं एक डोळा उघडला, वर तळपणारा वस्तरा पाहिला आणि गळ्यातल्या टॉवेलसकट थेट रस्ता धरला. न्हाव्यानं आनंदानं होकार दिला, पण गिऱ्हाईकही हुबेहूब आलंय ना! ते त्यानंतर त्या गल्लीत कुणाच्या दृष्टीस पडलेलं नाही.

चौकातल्या पोलिसाची तर गंमतच. त्यानं माझ्यासाठी हात वर केला, पोट आत ओढलं आणि चारी बाजूंची वाहनं अडवून ठेवली. हॉर्नचा नुसता कल्लोळ! बिचारा दम तरी किती धरणार? नेमकं माझं पेन पोटापाशी पोचलं आणि पोट आपल्या जागी परत आलं. हे वरिष्ठांनी पाहिलं तर, म्हणून त्याचाही नकार. ताई, मी इतका हसलो की मलाच बाजूला उभं राहा म्हणून सांगितलं.

शेवटी एक चित्र मात्र लागलं. एक बाई बाकावर बसल्या बसल्या झोपल्यात, एवढंच. आमचे गुरुजी कुणाला बरं म्हणत नाहीत, ते त्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, हे दारासमोर लावा. बाईंचा होकार तेवढा उद्घाटनापर्यंत आणायचा बाकी आहे, पण स्वभावानं मोठ्या मनाच्या आहेत, काळजी नाही.

भावोजींना नमस्कार. कंबरेला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. ती बाई तू. मागच्या खेपेला तुझी बस रखडली, तेव्हा ‘पिशवी सांभाळ, पेपर घेऊन येतो’ म्हणून गेलो, तो समोरच्याच खांबाआड वही उघडून बसलो होतो. होकार लगेच कळव. चित्र कालच टांगलंय.

ता. ता. क. तोंड उघडं आहे. मिटता येणार नाही, खोडरबर वर्ज्य.

आणखी एक. तुझी स्वतःची बॅग पायाशी, कुणीही उचलून न्यावी अशी पडली होती, आणि माझी पिशवी तू झोपेतही दोन्ही हातांनी पोटाशी धरली होतीस. ते काढताना मला रडू आलं, म्हणून खांद्याची रेघ जरा वाकडी गेली आहे. रविवारी उद्घाटन आहे. नाहीच म्हणायचं असेल, तर चित्रासमोर येऊन म्हण.