रुचाच्या खोलीतली खुडबुड

रविवार, दिवेलागण

लॅपटॉपला वायफायवरून प्रिंटर जोडण्यात दुपार गेली. जुळेचना. मग कळलं, नवी वस्तू म्हणून बायकोनं हळदीकुंकू लावलं ते नेमकं वायफायच्या बटणावर. दाबलं गेलं, बंद झालं.

"मले काय माहीत? तेच चमकून राहिलं होतं!"

प्रिंटर ठेवलाय लेकीच्या, रुचाच्या खोलीत. तिच्या लग्नापासून ती खोली बंदच असते. हॉलमधून पान पाठवलं आणि दाराआड खुडबुड सुरू झाली. सकाळी रुचा उठली की अश्शीच खुडबुड असायची. आम्ही दोघं कान देऊन ऐकत राहिलो.

खुडबुड थांबली. आता अजून काय छापायचं? छापण्यासारखं काहीच नव्हतं.

"पाठवा ना अजून एक," बायको हळूच म्हणाली.

मी कोरं पान पाठवलं.