दोन पडद्यांमधली फट

२ जून
आज लेकीकडे कायमचा राहायला आलो. ट्रंक उचलताना जावईबापूंनी विचारलं, यात पुस्तकं आहेत की दगड? म्हटलं, शाळेतल्या कवितांची पुस्तकं आहेत, जपून; पडली तर यमकं निखळतील. वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली मिळाली. टेबलावर शेजारी शेजारी दोन पडद्यांचा संगणक. जावईबापू पूर्वी घरून काम करत तेव्हाचा. "आता तुमचाच, बाबा," म्हणाले. मन कसं हलकं झालं.

३ जून
जावईबापूंनी हिची, लेकीच्या आईची, फिल्म लावून दिली. हिला जाऊन चार वर्षं झाली. चालतीबोलती अशी ती एवढीच उरलीय, चाळीस सेकंदांची: ओली चादर खांद्यावर टाकून ही स्वयंपाकघराच्या दारातून निघते आणि गॅलरीतल्या दोरीपर्यंत जाते. चित्र फार लहान दिसत होतं. त्यांनी त्या चौकटीची कड माउसने पकडली आणि ओढत ओढत दुसऱ्या पडद्याच्या पार टोकाला नेली. आता डाव्या पडद्यात स्वयंपाकघर, उजव्यात गॅलरी. मधे पडद्यांच्या काळ्या कडा. तिथे ही क्षणभर दिसेनाशी होते. वृत्तातल्या यतीसारखी, ओळीच्या मधे श्वास घ्यायला ठेवलेली जागा. अकरा वेळा पाहिली.

७ जून
आज एक पोरखेळ केला. उजवा पडदा वीतभर दूर सरकवला. मनात आलं, मधलं अंतर ही आपल्या खोलीतूनच चालत असेल. आणि खरंच, डावीकडून गेलेली ही उजवीकडे लगेच आली नाही. वीतभर चालायला लागेल तेवढ्या वेळाने आली. तोंडावर ओल्या सुताचा गारवा आला. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, संगणक जुना झालाय, अडखळतो. असेलही.

११ जून
वायर चांगली लांब आहे. पडदा टेबलाच्या टोकाला नेला. ही आठ सेकंद खोलीत होती. दिसत काही नाही, पण खाली पाण्याच्या थेंबांची ओळ उमटली. चाळीस वर्षांच्या संसारात मी हिच्याकडे सलग आठ सेकंद कधी पाहिलं होतं? पुस्तकातून डोकं वर काढायचो ते जेवणापुरतं.

१४ जून
उजवा पडदा स्टुलावर ठेवून दारापर्यंत नेला. ही पोचली तेव्हा धाप लागली होती. केस विरळ झालेले, शेवटच्या आजारातल्यासारखे. फिल्ममध्ये असं नव्हतं. एवढं अंतर मीच चालवलं तिला. उद्या पडदे जवळ आणतो. आज फक्त एकदाच अजून —

१५ जून
डावीकडून निघाली. उजवीकडे पोचलीच नाही. दाराच्या अलीकडे कुठेतरी टेकली असावी. धाप ऐकू येत होती. तेवढ्यात लेकीने जेवायला हाक मारली. खाली जाऊन आलो तर जावईबापूंनी खोली आवरलेली. पडदे पहिल्यासारखे, कडेला कड भिडवून. म्हणाले, वायरीत पाय अडकून पडाल, बाबा. मायेनेच म्हणाले.
पण ही मधेच होती.

१६ जून
फिल्म लावली. डावीकडे रिकामं स्वयंपाकघर. उजवीकडे रिकामी दोरी. मधल्या फटीतून पाणी गळतंय. आणि आवाज. "अहो." लेकीला बोलावलं. तिला नुसता पंखा ऐकू येतो. माझे हात धरून रडली.

१७ जून
पडदे दूर केले. वीतभर. हातभर. मधे नुसती भिंत. आवाज येतो, उशीखाली दाबल्यासारखा — "अहो, पुढचं दिसत नाही —"

१८ जून
घरात कोणी नाही. पडदे खोलीच्या दोन टोकांना. एकटीला जमायचं नाही तिला. डावीकडून मीच निघालोय, वही हातात — पाय ओले — खांद्यावर हात पडला. गार. हाडकुळा. चल, म्हटलं, पोचवतो तुला — समोर गॅलरी, ऊन — चार पावलं —

उजव्या पडद्यात एक म्हातारा शिरतोय. पाठमोरा. हातात वही. मागे कोणीच नाही —

मग खांद्यावरचा हा हात आवळत का चाल