काळ्या साडीचा वांगी रंग

नवागाम, सुरत
२९ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. सुषमाताईस,
लखनचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. दोंडाईचा मानवले, सासूबाई मायाळू आहेत, दाजी संध्याकाळी वेळेवर घरी येतात, हे ऐकून आईने पत्र देव्हाऱ्यात ठेवले आहे. अण्णांची पाळी सध्या दिवसाची आहे. लूमचा आवाज कानात बसल्यामुळे ते घरीही ओरडूनच बोलतात. बाकी सर्व ठीक.

मी मात्र ठीक नाही. रिंग रोडच्या मार्केटमधले हसमुखशेठ, ज्यांच्या साड्यांचे फोटो मी काढतो, त्यांनी मुंबईहून नवा कॅमेरा आणला आहे. त्यात रोल नाही. फोटो सरळ फ्लॉपीवर उतरतो आणि मागच्या छोट्या पडद्यावर लगेच दिसतो. शेठ म्हणतात, मी माझा कॅमेरा तिन्ही लेन्सांसकट त्यांच्या भाच्याला शिकायला द्यावा आणि त्याच्या बदल्यात हा नवा घ्यावा. मग त्यांच्या दुकानाचे वर्षभराचे काम माझ्याकडेच. लग्नांमागे उन्हातान्हात धावायला नको. माझ्या लेन्सा नव्याला बसत नाहीत, त्यामुळे थोडे हे, थोडे ते, असे जमणार नाही. दिले तर सगळेच द्यायचे. उत्तरायणानंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, मार्केट उघडले की उत्तर हवे आहे.

माझा जीव नव्यावर का गेला आहे ते तुला वेगळे सांगायला नको. रोल लॅबमधून धुऊन येईपर्यंत मला जेवण जात नाही. तू सासरी निघालीस तेव्हा सगळे तुझ्यासाठी रडत होते, आणि मी रोल कॅमेऱ्यात नीट फिरला असेल की नाही म्हणून. नव्यात ती भीतीच नाही. आईला मात्र हे पटत नाही. निगेटिव्ह कोठे शे, असे ती मला तीनदा विचारून गेली.

तुझ्या पहिल्या संक्रांतीसाठी आईने शेठकडची काळी साडी पसंत केली आहे, बारीक जरीबुट्ट्यांची. नव्या कॅमेऱ्यानेच तिचा फोटो काढला आहे. आत्ता ऑफिसात वीज नाही, म्हणून हे पत्र इथेच ठेवून जातो. वीज आली की मुनीमजी फोटो छापून पाकिटात घालतील. साडी आवडली का ते लिही, आणि कॅमेऱ्याचे काय करू तेही.

लोभ आहेच. काळजीच्या दिवसांत तो थोडा जास्त असू द्यावा.

तुझा
लखन

---

दोंडाईचा
८ डिसेंबर १९९८

चि. लखनास सुषमाताईचे अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

अरे, काळी साडी म्हणतोस आणि वांगी रंगाची पाठवतोस? पाकीट सगळ्यांसमोर उघडले, हे माझे चुकलेच. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला, मग अंगणात उजेडात नेऊन पाहिला. शेवटी म्हणाल्या, सुरतेत काळ्याला असेच म्हणत असतील, आपण कशाला बोला. शेजारच्या सरलाबाईंना कोणी विचारले नव्हते, तरी त्या बोलल्याच, की रंग भरिताला चांगला आहे. तुझे दाजी तर तेव्हापासून मला जेवताना भाकरीबरोबर साडी वाढू का म्हणून विचारतात.

मी हसले, पण आत जाऊन थोडे वाईटही वाटून घेतले. पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला अख्खी गल्ली येणार. माहेरची काळी साडी सगळ्या जणी हात लावून बघणार. त्या दिवशी मी वांगे होऊन बसायचे का? आईची नजर एवढी कमी झाली असेल असे मला वाटत नाही, म्हणून तुझ्यावरच संशय आहे.

आता कॅमेऱ्याचे. भीती जाईल म्हणून बदलणार असशील तर बदलू नकोस. तू भित्रा आहेस म्हणून एकाच्या जागी तीन फोटो काढतोस, आणि म्हणूनच माझ्या लग्नातली एकही आत्या अल्बमातून सुटलेली नाही. भीती गेली तर तू एक फोटो काढशील आणि त्याच्याकडेच बघत बसशील. पण नवा खरोखरच जास्त चांगला असेल, तर माझे ऐकू नकोस. रोज हातात तू धरणार आहेस, मी नाही.

जेवत जा. अण्णांना आणि आईला नमस्कार. माया आहे म्हणूनच रागावले, हे लक्षात असू दे.

तुझी
ताई

---

नवागाम, सुरत
१७ डिसेंबर १९९८

ती. सौ. सुषमाताईस,
लखनचा घाबरत घाबरत शि. सा. न. वि. वि.

ताई, साडी काळी आहे. अगदी कोळशासारखी काळी. तुझे पत्र वाचून मी ती उन्हात नेली, अण्णांना दाखवली, शेजारच्या धुडकूकाकांना हाक मारून दाखवली. काका म्हणाले, काळीच आहे, पण एवढ्यासाठी झोपेतून उठवायचे नसते.

मग मी नवा कॅमेरा मागून आणला आणि घरातल्या सगळ्या काळ्या वस्तूंचे फोटो काढले. आईचे सुती काळे झंपर काळेच आले. अण्णांची टेरिलीनची पँट वांगी आली. नायलॉनची छत्रीही वांगी. म्हणजे काळे कापड पॉलिस्टर-नायलॉनचे असले की या कॅमेऱ्याला ते काळे दिसतच नाही. आणि सुरतेत दुसरे बनते काय? छोट्या पडद्यावर सगळेच गडद दिसते, त्यामुळे मला आधी कळले नाही.

घाईघाईने शेठना सांगायला गेलो तर ते उलट खुशीत होते. तोच फोटो त्यांनी नागपूरच्या दोन व्यापाऱ्यांना पाठवला होता आणि दोघांनीही वांगी रंगाच्या साड्या मागवल्या आहेत. तसला रंग गोदामात नाहीच, असे मी म्हणालो. शेठ म्हणाले, चालशे, आपण रंगवून घेऊ, कॅमेऱ्याने नवा कलर शोधला.

पण कॅमेऱ्याची चांगली बाजूही लिहायला हवी, नाहीतर तो अन्याय होईल. गेल्या आठवड्यात भेस्तानला भटूमामांच्या मुलीच्या लग्नात मी दोन्ही कॅमेरे नेले होते. नव्याचा पडदा बघायला एवढी गर्दी झाली की मंगलाष्टके म्हणता म्हणता गुरुजीही वाकून आपला चेहरा बघू लागले आणि अक्षता दोनदा पडल्या. जेवणाच्या पंगतीआधीच फ्लॉप्या संपल्या. तरी भटूमामांचे बघ. आजवरच्या प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. या वेळी त्यांनी पडद्यावर पाहिले, पुन्हा काढायला लावला, परत पाहिले, आणि चौथ्या वेळी उघड्या डोळ्यांचा फोटो आला. लेकीला जवळ घेऊन ते तो पडदा कितीतरी वेळ बघत राहिले. जुन्या कॅमेऱ्याने मला हे कधीच जमले नसते.

म्हणून मी अडकलो आहे. भीती जाईल, पण काळा रंगही जाईल. तू म्हणतेस ते खरे आहे, आणि भटूमामांचे डोळेही खरे आहेत.

गोंधळलेल्या भावावरचा लोभ कमी करू नये.

तुझा
लखन

---

दोंडाईचा
२७ डिसेंबर १९९८

चि. लखनास अनेक आशीर्वाद. चापट परत घेतली आहे.

तुझे पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवले. तुझ्या दाजींनी लगेच आपली काळी पँट कपाटातून काढून बघितली, की ही खरी काळी आहे ना. सासूबाई मात्र म्हणतात, आता कागदावर विश्वास नाही, साडी डोळ्यांनी बघू तेव्हाच खरे. तेव्हा संक्रांतीला साडी घेऊन तूच ये. जुना कॅमेराही आण. उत्तर शेठला द्यायचे ते इथून गेल्यावर दे. पण एक कर. मला, आईला, अण्णांना विचारणे आता बंद कर. आम्ही तुझ्या काळजीने काहीही सांगू.

वाट बघते आहे. तिळगुळाच्या आधी भांडू नये, म्हणून इथेच थांबते.

तुझी
ताई

---

नवागाम, सुरत
३१ जानेवारी १९९९

ती. सौ. सुषमाताईस,
लखनचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो, पत्राला मात्र उशीर झाला. भुसावळच्या गाडीत गर्दी होती, पण तू दिलेला डबा सुरतेआधीचे चलथाण येईपर्यंत पुरला. आईला तुझे हळदीकुंकू मी तीन वेळा सांगितले. सरलाबाईंनी पदर हातात घेऊन साडी काळी असल्याचे कबूल केले, तो भाग तिला पुन्हा पुन्हा ऐकायचा असतो.

मार्केट उघडल्यावर मी शेठकडे गेलो. तुमच्याकडचा रोल तेव्हा लॅबमध्येच होता. ताई, मी तो मुद्दाम आणला नव्हता. फोटो चांगले आले असते तर त्या जोरावर नाही म्हणालो असतो, आणि बिघडले असते तर घाबरून हो म्हणालो असतो. ते मला नको होते. जिना चढून वर गेलो आणि नको म्हणालो.

शेठना नवल वाटले. मी त्यांना सांगितले की कॅमेरा वाईट नाही. पुढच्या दिवाळीत याहून चांगला येणार असे तुम्हीच म्हणता. त्याला काळे दिसू लागले की मी स्वतः मागायला येईन. पण आज माझ्या तिन्ही लेन्सा देऊन टाकल्या आणि तोवर कोणाची पहिली संक्रांत आली, तर तिला मी काय दाखवू? शेठनी हिशोबाची वही मिटली. मग म्हणाले, वर्षभराचे काम आता भाचाच करील. महाराष्ट्रातल्या दुकानांच्या काळ्या साड्या तेवढ्या माझ्याकडे येतील. म्हणजे काम निम्म्याहून कमी झाले आणि मी पुन्हा उन्हात. अण्णांना सांगितले तर ते ओरडून म्हणाले, बरे झाले. मात्र ते रागाने ओरडले की नेहमीसारखे, हे कळले नाही.

त्यानंतर लॅबमध्ये गेलो. फोटो सोबत आहेत. साडी काळी आली आहे. पदराची चुणीसुद्धा काळ्यात काळी वेगळी दिसते, आणि तू अशी बसली आहेस की आईने निगेटिव्ह मागून घेऊन देव्हाऱ्यात ठेवली.

आता वाईट बातमी. सासूबाईंचे तीन फोटो काढले आणि तिन्हींत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. पहिला पाहून मी दुसरा पाहिला, दुसरा पाहून तिसरा, आणि लॅबच्या काउंटरवर मोठ्याने हसलो. तिथला माणूस घाबरला. एरवी मी तीन दिवस जेवलो नसतो. त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि फोटो खुशाल दाखव. त्यांना म्हणावे, लखन होळीला पुन्हा येतो आहे. डोळे उघडा असे मी सांगणार नाही. अंगणात कॅमेरा घेऊन बसेन, त्या कधीतरी बघतीलच.

तोवर लोभ असाच चालू ठेवावा.

तुझा
लखन