रिकामे परिच्छेद उडवताना

३ तारीख, सोमवार, सकाळी १०.१०
पुलांच्या पाहणीचा अहवाल शुक्रवारी वर जाणार. सहाशे पानं. साहेब म्हणाले, जो नीट लावून देईल तो नवा विभागप्रमुख. म्हणजे मीच. बावीस वर्षं घासली आहेत इथे. आडवं कोण येणार, टायपिस्ट बाई? त्या अजून माऊसने एकेक ओळ सरकवतात.

४ तारीख
शोध लागला! डॉक्युमेंट म्हणजे कागद नव्हेच, झाड आहे. खोडाला सेक्शनच्या फांद्या, फांद्यांना परिच्छेद, परिच्छेदांना अक्षरं. प्रोग्राम लिहिला की प्रत्येकाला हुकूम सोडता येतो. बायकोला समजावलं. म्हणाली, घरात कुणी ऐकत नाही म्हणून आता परिच्छेदांवर हुकूम का? दुर्लक्ष केलं.

५ तारीख, दुपारी ३
प्रोग्राम तयार. अकरा ओळी. ज्या परिच्छेदात एकही अक्षर नाही, तो उडवायचा. लोकांनी उगाच एंटर मारून ठेवलेली सगळी रिकामी जागा साफ! बाई म्हणाल्या, आधी कॉपीवर करून बघा. म्हटलं, काठावर बसून पोहता येत नाही. थेट मूळ फाइलवर चालवला. चार सेकंद. सहाशेची दोनशे ऐंशी पानं! उघडून बघायची गरजच नाही. साहेबांना पाठवला.

७ तारीख, शुक्रवार
साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, फोटो कुठे आहेत? चारशे बारा फोटो होते. फोटोच्या परिच्छेदात अक्षर नसतं, हे मला कुणी सांगितलं होतं? खालच्या ओळी मात्र शाबूत: 'वरील फोटोत खांबाला गेलेला तडा स्पष्ट दिसतो.' वर काहीच नाही. सगळे फिदीफिदी हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक अर्थात सॉफ्टवेअरची.
बाईंनी माझ्या आधीच मूळ फाइलची कॉपी काढून ठेवली होती. मला न विचारता! तीच वर गेली.

१० तारीख
बाई विभागप्रमुख. अभिनंदन केलं नाही, घसा बसलाय.

१२ तारीख
बाईंनी माझ्या प्रोग्रामात एक ओळ वाढवली: चित्र असेल तर हात लावू नकोस. आता सगळ्या अहवालांना तोच लावणार. बाकीच्या अकरा ओळी माझ्याच आहेत, हे त्यांनी स्वतः साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, असू दे, पण त्यांचं नाव कुठे घालू नका.
फार लागलं. पण साहेबांच्या केबिनमध्ये माझ्या नावाची चर्चा झाली, हेही नसे थोडके.