एक्सचा वर्ग

१ फेब्रुवारी १९३३, सोलापूर.
बी.ए.ची ही तिसरी खेप. मागे दोन्ही वेळा एकाच जातीच्या गणिताने दगा दिला. डिफरन्शियल इक्वेशन, ज्याची उजवी बाजू शून्य नसते ते. महानंदेशी लग्न होऊन दोन वर्षे झाली, पण सासरे शिवयोगीअप्पा तिला अक्कलकोटहून पाठवत नाहीत. जावई बी.ए. झाल्याशिवाय पोरगी नांदायला जाणार नाही, असे त्यांनी चारचौघांत सांगितले आहे. आजपासून पहाटे चारला उठणे.

२ फेब्रुवारी.
साडेसात. थंडी.

९ फेब्रुवारी.
रीत समजली. आधी उजवी बाजू शून्य समजून सोडवायचे. मग त्या उत्तरातले कॉन्स्टंट बदलते धरायचे आणि सूत्राने शोधून काढायचे. फारच सोपे. उठण्याची वेळ हाही एक कॉन्स्टंटच. तो तूर्त बदलता धरला.

२० फेब्रुवारी.
आमच्या शाळेतले गणिताचे चन्नवीर मास्तर (एका खेपेत पास, म्हणून गर्व) म्हणाले, सूत्र लावण्याआधी दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या पुढे जे असेल त्याने सगळे समीकरण भागून घ्या. पुस्तकातली सहा उदाहरणे पाहिली. सगळीकडे पुढे एक हाच आकडा. एकाने काय भागायचे? सातवे पाहण्याचे कारण उरले नाही.

१२ मार्च.
सूत्र तोंडपाठ. महानंदेचे कार्ड आले. शेजारणी विचारतात, यंदा तरी न्यावे. फार भरून आले. त्यामुळे आज अभ्यास नाही.

२७ मार्च, पुणे.
तेच गणित आले! पुढे एक्सचा वर्ग होता, पण मी डगमगलो नाही. सरळ सूत्रात घातले. उत्तर दीड पान. एवढे भव्य उत्तर चुकणे शक्य नाही. त्यातच दोन तास गेले, म्हणून बाकीचे प्रश्न सोडून दिले. स्टेशनवरूनच अप्पांना पत्र टाकले: पास झाल्यात जमा आहे, महानंदेला घेऊन यावे.

२ एप्रिल, सकाळ.
चन्नवीर मास्तरांना उत्तर लिहून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, "आधी एक्सच्या वर्गानं भागलं न्हाय व्हय?"
घरी येऊन सातवे उदाहरण पाहिले. पुढे एक्सचा वर्ग. खाली ठळक अक्षरांत सूचना. भागून पाहिले. उत्तर दोन ओळींत बसले.

दुपार.
अप्पांना ‘येऊ नये’ म्हणून पत्र लिहायला बसलो. ‘तीर्थरूप’ लिहिले आणि दारात टांगा थांबला.

संध्याकाळ.
अप्पांनी येताना ज्वारीचे पोते आणले. जावई बी.ए. झाला म्हणून गल्लीभर पेढे वाटले. मी दोन खाल्ले. नको म्हणता येईना. ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले.
महानंदेने टेबलावरचे अर्धे पत्र पाहिले. मग म्हणाली, "खरं सांगा की. टरंक उघडू का नगं?"
मी म्हणालो, निकाल जूनमध्ये आहे.
ती ट्रंकेवर बसली. अजून तिथेच आहे.