खालच्या हवेची वजनं

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच! आयोवाहून आलेला एक गडी सकाळी सकाळी वर्कशॉपच्या दारात. स्नोमोबाइल नवीकोरी, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. "गाडी आजारी आहे हो. घरी नुसती उधळते, इथे चढावर जीवच नाही तिच्यात."

मर्लने खुर्चीत बसल्या बसल्या नाकातली प्राणवायूची नळी सारखी केली. "आजारी नाही ती. ती अजून घरीच आहे. आपण नऊ हजार फुटांवर आलोय हे तिला कुणी सांगितलंच नाही."

गिऱ्हाईक खो खो हसलं. मी नाही हसले. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात हा विनोद ऐकतेय.

क्लच मी उघडला. आता मीच उघडते. मर्ल नुसतं सांगतो, आणि सांगतानाही मध्येच दम खायला थांबतो. "बोल्ट एकदम सोडू नकोस… थोडे थोडे… सगळे सारखे… नाहीतर स्प्रिंग तुझे दात घेऊन जाईल." माहीत आहे रे बाबा! जड वजनं काढली, हलकी घातली, स्प्रिंग बदलली. इथली हवा विरळ, इंजिनाला पुरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? क्लचमध्ये खालच्या दाट हवेचं जड वजन तसंच ठेवलं तर इंजिन दबून जातं. ओझं कमी केलं की बिचारं पुन्हा आपल्या चालीने फिरतं.

दुपारी आयोवावाला डोंगर चढून आला आणि मर्लचा हात धरून हलवतच राहिला. ग्रीसने काळे झालेले हात माझे होते!

१४ जानेवारी

लॅरमी शहरात डॉक्टरांकडे. तरुण बाई आहे, आडपडदा ठेवत नाही. "औषधांनी व्हायचं ते होऊन गेलं. आता खाली जा. जिथे हवा दाट आहे तिथे." मी विचारलं, नाही गेलो तर? म्हणाली, "पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगू शकत नाही."

मर्लने तिला विचारलं, तुमच्याकडे कुठली स्नोमोबाइल आहे? नाही म्हणाली. बाहेर आल्यावर हा म्हणतो, "जिच्याकडे गाडी नाही तिचं काय ऐकायचं?"

ट्रकमध्ये बसून मी रडले. तो खिडकीबाहेर बघत होता.

१९ जानेवारी

आर्डिसचा फोन. मर्लची धाकटी बहीण – खाली सपाटीवर, मिनेसोटाला, तळ्याकाठी राहते. "मागचं घर रिकामंच आहे, वहिनी. दोघं या. बर्फ इथेही पडतो म्हणावं त्याला." मी फोन त्याच्याच हातात दिला.

"तुझ्याकडे चढ कुठे आहे?" हा तिला म्हणतो. "तळ्यावर गाडी फिरवायची म्हणजे परातीत भोवरा."

पलीकडून आर्डिस ओरडली ती मलाही ऐकू आली. "अरे गाढवा, तू याच परातीत जन्मलास!"

हसला. खोकला आला. बराच वेळ थांबेना. फोन मी ठेवला.

२३ जानेवारी

आजही नाही म्हणाला.

३१ जानेवारी

मी सगळं हलकं करून बघितलं. पलंग खालच्या खोलीत आणला. लाकडं मी फोडते. दारातला बर्फ मी ओढते. त्याच्या पायात बूट मी चढवते. एल्क हरणाचं मांस चावताना धाप लागते म्हणून चिलीचा रस्सा पातळ करते, आणि तो दालचिनीचा रोल त्यात बुडवून खातो – तेवढं मात्र अजून चवीने. आता आणखी काय कमी करू? श्वास घेणं तर काढून घेता येत नाही!

आज आंघोळीनंतर ओठ निळे झाले होते. मी टॉवेल धरून उभी. "घाबरू नकोस गं," म्हणाला, "इंजिन तापतंय अजून." मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच, मारावंसं वाटलं.

हात टेकले मी. हा इथेच जाणार आणि मी बघत बसणार. मग ही हत्यारं, हा डोंगर आणि मी. गावात कुणाशी बोलायची सोय नाही. सगळ्यांना तो आवडतो, सगळे म्हणतात, "मर्ल काय, लोखंडाचा आहे." लोखंडाला गंज चढतो म्हणावं.

६ फेब्रुवारी

भांडण. मोठं. मी ओरडले, "मग मी काय करू ते तरी सांग!"

"तू जा. आर्डिसला तशीही तूच जास्त आवडतेस."

"एकटी? मी एकटी एक पाऊल टाकणार नाही. तू इथे तर मी इथे. तू गेल्यावरही इथेच. इथेच कुजेन!"

"कुणी सांगितलंय तुला कुजायला?"

"तू! तुझ्या हट्टाने!"

मी भांडी आपटली. मग यंत्राची घुरघुर तेवढी – त्याला प्राणवायू देणारं ते यंत्र, दिवसरात्र कोपऱ्यात घुरघुरतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कुणाचा पीळ म्हणतेय मी? दोघांचाही.

७ फेब्रुवारी

बोलणं नाही. चिली उरली.

११ फेब्रुवारी

पुन्हा लॅरमी. नव्या तपासण्यांचे निकाल. मर्लने मला ट्रक दारापाशी आणायला पिटाळलं – "तेवढं चालणं होत नाही माझ्याने." स्वतःहून असं कधी कबूल करत नाही! ट्रक लावून मी थांबले. बराच वेळ थांबले. डॉक्टरीणबाई त्याला स्वतः दारापर्यंत सोडायला आली.

गावाबाहेर पडल्यावर म्हणाला, "चल. जाऊ आर्डिसकडे."

मी ट्रक कडेला घेतला. "काय म्हणालास?"

"जाऊ म्हटलं. वारा सुटलाय, चालव आता."

विश्वास बसेना. रस्ताभर काही विचारलं नाही. विचारलं तर मोडेल असं वाटलं.

१२ फेब्रुवारी

खरंच जायचंय! सकाळी पुन्हा विचारलं. "हो" म्हणाला, कॉफी ओतता ओतता. आर्डिसला फोन केला तर ती रडायलाच लागली. पडदे लावते म्हणाली.

१६ फेब्रुवारी

बांधाबांध. कपबशा, ब्लँकेटं, त्याची जुनी जाकिटं. तिथल्या दाट हवेत तो जिना चढेल का, असलं काहीतरी दिवसभर डोक्यात. वेडी आशा असते बाई माणसाची.

आमच्या दोघांच्या स्नोमोबाइलचे क्लच मिनेसोटाच्या हवेसाठी तोच लावणार म्हणे. "तुझ्या हाताला घाई फार." आत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. पाना वाजतो… मग काही नाही… मग पुन्हा पाना. दोनदा दारावर हात ठेवला आणि मागे घेतला. माणसाला काहीतरी स्वतःच्या हाताने करू द्यावं.

१८ फेब्रुवारी

आज जेवताना मला धडे! "तिकडे हवा दाट. हलकी वजनं तशीच ठेवलीस तर इंजिन किंचाळेल, एक दिवस फुटेल. क्लचचा पट्टा तापला तर थांबायचं, बघू पुढे म्हणायचं नाही. आणि तळ्याच्या मधोमध एकटी जायचं नाही, आर्डिसला विचारून जायचं."

मी वैतागले. "हे सगळं आत्ताच कशाला? तू असशीलच की तिथे डोकं खायला!"

"हो, हो," म्हणाला. रोल संपवला. आणखी एक मागितला.

२१ फेब्रुवारी

उद्या निघायचं. शेजारपाजारचे भेटून गेले. कुणी केक आणला, कुणी वाळवलेलं मांस. सगळे म्हणाले, लोखंडाचा आहे, तिकडे जाऊन पुन्हा उभा राहील. आज मला त्यांचा राग आला नाही.

२२ फेब्रुवारी

ट्रेलरवर चढवण्याआधी दोन्ही गाड्यांचे क्लच उघडून बघितले. सवयच आहे. माझ्या गाडीत जड वजनं, नवी स्प्रिंग, सगळं कसं चोख. त्याच्या गाडीत इथलीच हलकी. हात लावलेला नाही.

"तुझी विसरलास का रे?"

"नाही," म्हणाला. "तिथले हिवाळे तुला काढायचेत."