वळणावरचा हॉर्न

७ जानेवारी, लामफून

पींऽऽ — आणि लगेच दोन आखूड. पीं, पीं.

पहाटे त्या आवाजानेच जाग आली. म्हणजे आवाज कुठेच नव्हता. शेजारचा कोंबडासुद्धा उठलेला नव्हता. डोंगरातल्या वळणावर देवळी दिसली की सगळेच हॉर्न वाजवतात, तिथल्या राखणदाराला नमस्कार म्हणून. पण एक लांब आणि दोन आखूड असा फक्त सुथिन वाजवायचा. एवढी वर्षं शाळेत कविता शिकवल्या, त्यातल्या निम्म्या आता ओळीओळीने गळून चालल्यात. हा हॉर्न मात्र जात नाही.

उद्या निघायचं. विरोज, प्रयून आणि मी. कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा ह्याच वाटेने चौघं निघालो होतो, आम्ही तिघं आणि सुथिन — मोपेडवर, पाठीला सॅक, खिशात फार काही नाही. वाटेतली गावं: होत, मे सारिआंग, खुन युअम, मग मे होंग सोन, पाय, आणि परत. आताचा उद्योग सगळा विरोजचा. चान्पेनच्या अंत्यविधीला आला, रीतीप्रमाणे तिच्या हातावर सुगंधी पाणी सोडलं, आणि तिथेच बाजूला घेऊन मला म्हणतो, "हिवाळ्यात एकदा जाऊन येऊ या का रे, मास्तर?" माझी धाकटी बहीण समोर निजलेली आणि ह्याला सहल सुचते!

मी हो म्हणालो. का म्हणालो ते इथे लिहितो, दुसरीकडे बोलायची सोय नाही. सुथिन खुन युअममधून नाहीसा झाला. पेट्रोल आणतो म्हणून गेला. बरोबर विरोज होता. परत आला तो विरोज एकटाच. म्हणाला, बाजारात चुकामूक झाली. महिन्याभराने सुथिनचं आणि चान्पेनचं लग्न ठरलेलं होतं! त्याला ना आई ना बाप, विहारात वाढलेला पोरका मुलगा; जाब तरी कुणाला विचारणार? चान्पेनने पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाही. शिवणयंत्रावर वाकून वाकून गेली.

विरोजला काहीतरी ठाऊक आहे. ते त्याच्याकडून काढायचं. आणि सुथिन जिवंत असेल तर त्याच्यासमोर उभं राहून एकच वाक्य म्हणायचं — ती तुझी वाट बघत गेली.

पाठ झालंय.

८ जानेवारी, होत

कंबर मोडली.

मोपेड भाड्याने देणाऱ्या पोरीने आम्हाला बघून आधी तिच्या आईला हाक मारली. मग विचारलं, "आजोबा, चालवणार कोण?" विरोज म्हणाला, "आम्हीच. तू मागे बसतेस का?" ती हसली. ह्याला बायका अजून हसतात. मला गाडी सुरू करता येईना — किक मारायला पाय उचलला तर किकच नाही. बटण दाबायचं म्हणे. आमच्या शेजारी गोऱ्या पोरापोरींचं एक टोळकं, त्यांच्या गुडघ्यांना आधीच पट्ट्या. प्रयून म्हणतो, "बघ, हे परत आलेत आणि आपण निघालोय. शहाणे कोण?"

प्रयूनच्या सॅकमध्ये उशी, मिरचीच्या ठेच्याची बरणी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातवाचा मफलर आहे. रोज सकाळी तो मोबाइलवर फुलाचं चित्र पाठवतो, त्या त्या वाराला ठरलेल्या रंगाचं, खाली 'दिवस सुखाचा जावो'. आज माझ्या समोर बसून, माझ्याच ताटातली भाताची उंडी उचलत, मलाच पाठवलं. बुधवारचं हिरवं फूल. मी म्हटलं, तोंडाने सांग की. म्हणाला, "तोंडात भात आहे."

विरोज दिवसभर पुढे. मागे वळून बघतो, आम्ही दिसलो की परत पुढे. जसा काही कळप हाकतोय.

मी आज त्याला काही विचारलं नाही. घाट लागू दे.

९ जानेवारी, मे सारिआंग

घाटात पाइनची झाडं लागली. थंडी एवढी की हँडलवरची बोटं माझी वाटेनात. चहाच्या टपरीशी थांबलो. झाडांतून वारा जातो तेव्हा वर्गातली पोरं पुस्तकं उघडतात तसा आवाज होतो. पन्नास पुस्तकं एकदम.

जुन्या प्रवासकवितांची रीत मला आयुष्यभर आवडत आली. कवी घर सोडून निघतो, आणि वाटेत जे जे गाव लागेल त्यात त्याला घरी राहिलेली तीच दिसते. नदी बघितली की ती, झाड बघितलं की ती. छातीठोकपणे शिकवायचो, डोळे मिटून चाल लावायचो. मागच्या बाकावरची पोरं हसायची. हसू देत! पण आज वाटलं, एकाही कवीने मागे राहिलेलीचं काय झालं ते लिहिलं नाही. तो आपला गावं मोजत जातो. ती काय करते? शिवते.

चान्पेनच्या हाताला वळण होतं. अर्ध्या गावाच्या पोरांचे शाळेचे शर्ट तिने शिवलेले. शिवण संपली की काठाला शेवटी तीन बारीक टाके घालायची, चिमणीच्या पावलासारखे. तिची सही. पोरं वहीवर वाकली की कॉलरमागे चिमणीची पावलंच पावलं. मला वाटायचं, माझ्या वर्गात तीही बसलेली आहे.

आणि पावसाळा सरत आला की गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून भिक्खूंचं चीवर शिवायला बसायची. दरवर्षी. भाताच्या खाचरांसारखे तुकड्याला तुकडे जोडून. मी विचारायचो, कुणासाठी? डोंगरातल्या गरीब विहारात दान पाठवते, म्हणायची, बसवाल्याच्या हाती. "पुढच्या जन्माची तयारी, दादा." पुढच्या जन्मी तरी असला नवरदेव नशिबी येऊ नये, एवढंच मागत असणार. दुसरं काय मागणार ती? यंदाचं चीवर अंथरुणातून उठून पुरं केलं. मी रागावलो. ऐकलं नाही. आणि मग उठलीच नाही.

टपरीवर विरोज म्हणाला, "मास्तर, एक कविता म्हण." मी म्हटलं घसा बसलाय.

१० जानेवारी

मे सारिआंगलाच मुक्काम. प्रयूनचं पोट. ठेचा!

११ जानेवारी, खुन युअमच्या अलीकडे

पडलो. आडवा होऊन लिहितोय, हे अक्षर शाळेतल्या पोरांना दाखवण्यासारखं नाही.

दुपारी शेवटच्या घाटात ते वळण आलं. मी ते लांबूनच ओळखलं. देवळीला नवा रंग, झेंडूच्या माळा, लाल सरबताच्या बाटल्यांना नळ्या लावून ठेवलेल्या, राखणदाराला तहान लागेल म्हणून. झाड तेच. ह्याच झाडाखाली तेव्हा सुथिन घसरला होता. डावी भुवई मधोमध फाटली होती, आणि चान्पेनने दिलेल्या रुमालाने मी ती दाबून धरली होती. मीच.

विरोज पुढे होता. देवळीपाशी त्याने हॉर्न वाजवला.

एक लांब. दोन आखूड.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. गाडी एकीकडे, मी एकीकडे. गुडघा फुटला, सॅकमुळे पाठ वाचली. दोघं धावत आले. प्रयून वारा घालतोय मफलरने! मी विरोजला म्हटलं, "तो हॉर्न तुझा नाही."

तो म्हणाला, "माहितीय."

"मग वाजवलास कशाला?"

"हात गेला." माझ्या गुडघ्यातली खडी काढत होता. वर बघेना.

मग मात्र मी विचारलं. रस्त्यात बसून, रक्ताने, धुळीने माखलेला, येणारेजाणारे ट्रक हॉर्न देतायत, अशा अवस्थेत. काय काय योजलं होतं, कसं हळूच विषयाला येईन! सरळ म्हटलं, त्या दिवशी पेट्रोल तूच दिलंस ना त्याला? पळायला?

विरोज म्हणाला, "पेट्रोल नाही दिलं. त्याला लागलंच नाही."

"जिवंत आहे?"

"मी शब्द दिलाय, मास्तर. त्यातून सुटल्याशिवाय बोलता येत नाही."

शब्द! ह्याने शब्द पाळला, आणि माझ्या बहिणीने दिवस काढले. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. एवढं लिहितो की तिच्या हातावर पाणी सोडायला आलास तेव्हा तुझा हात कसा झडला नाही, असंही म्हणालो. प्रयून म्हणाला, "पुरे रे. दोघंही एका दिवसात म्हातारे झालात. मी निदान सुरुवातीपासून आहे." कुणी हसलं नाही.

वळणाच्या खालच्या वाडीत एक बाई खोल्या भाड्याने देते, बांबूच्या. सगळे तिला खाम मावशी म्हणतात. तिथे मला उचलून आणलं. जखम धुतली, पट्टी बांधली. आणि मग विरोज मोपेड काढून निघून गेला. शहराच्या रस्त्याला नाही — वर, डोंगराच्या कच्च्या रस्त्याने. मला काही न सांगता.

तेव्हाही असाच गेला होता, बाजारात. आता परत येताना काय सांगेल? चुकामूक झाली.

१२ जानेवारी

विरोज नाही. फोन लागत नाही. प्रयून म्हणतो येईल. विरोजला त्याने पिवळं फूल पाठवलं; पिवळं सोमवारचं, आज रविवार, वार चुकला.

शेजारच्या खोलीत एक गोरी मुलगी आहे. तिचाही गुडघा फुटलाय, त्याच वळणावर. येऊन तिने तिच्याकडचं मलम दिलं, माझ्या गुडघ्याकडे बोट, तिच्या गुडघ्याकडे बोट, आणि हसली. मीही हसलो. तिचा आठवड्यात भरेल. तिचे मित्र बाहेर गाड्या धूत, एकमेकांवर पाणी उडवत होते. आम्हीही असंच उडवलं होतं. सुथिनला पाणी लागलेलं चालायचं नाही, लवकर सर्दी व्हायची, म्हणून आम्ही त्यालाच जास्त भिजवायचो. लग्नानंतर चान्पेन तुला लोकरीत गुंडाळून ठेवेल, असं प्रयून म्हणाला होता. तेव्हा सुथिन हसला होता का? खूप आठवून बघितलं. हसलेला आठवत नाही.

खाम मावशीने सकाळी वाफाळता भात टोपलीत भरून कुणाच्या तरी हाती वर पाठवला. विचारलं तर म्हणाली वरच्या विहारात. मी म्हटलं, भिक्खू भिक्षेला खाली येत नाहीत का?

"गावातले तरणे भन्ते येतात की, रोज. वरचे म्हातारे भन्ते नाही येत. गुडघे गेलेत त्यांचे, गुरुजी, तुमच्यासारखेच. आणि पाय धड होते तेव्हाही वळणाच्या खाली कधी उतरले नाहीत. का ते कोण विचारणार? आम्हीच भात नेतो."

नशीबवान! कुणी न विचारता भात वर पोचतो.

दुपारी चार ओळी जमवल्या. चाल जुनीच.

गेला तो गेला, त्याला वळण मिळाले;
राहिली तिला मात्र दार पुरे झाले.

पुढच्या दोन खोडल्या. मुलाने लिहिल्या असत्या तर दहापैकी चार दिले असते, तेही अक्षरासाठी.

संध्याकाळी प्रयून येऊन खाटेच्या कडेवर बसला. म्हणाला, उद्या टेम्पो ठरवू, तुझी गाडी वर टाकू, घरी जाऊ. मी म्हटलं जाऊ. उठताना तो एवढंच म्हणाला, "मास्तर, तुला सुथिनला गाठायचंय का विरोजला हरवायचंय, एकदा ठरव."

ठरलेलंच आहे. वाक्य अजून पाठ आहे. आज दहादा म्हणून बघितलं, भिंतीकडे तोंड करून. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं. ती तुझी वाट बघत गेली.

१३ जानेवारी

सकाळी धुक्यात मावशीने दार वाजवलं. आवाज अगदी खाली होता. "गुरुजी, भात आणलाय, हातात घ्या. वरचे भन्ते आलेत. तुमच्या दारात उभे आहेत."

भिंत धरत उठलो, दार उघडलं. अनवाणी पाय, चिखलाने भरलेले. हातात भिक्षापात्र, नजर खाली. पायऱ्यांशी विरोज, चपला काढून, हात जोडून. मोपेड कुठे दिसत नव्हती. त्या उतारावरून रात्रभर त्यांना धरून चालवत आणलं असणार.

डावी भुवई मधोमध दुभंगलेली.

वाक्य ओठांवर होतं. पण चीवरातल्या माणसाला उभ्याने काय बोलणार? गुडघे टेकले. फुटलेलाही. भात पात्रात घातला, शितं बाहेर सांडली. तो — ते — पात्र धरून उभे होते. आणि मान खाली होती म्हणून मला चीवराचा काठ दिसला.

काठाशी तीन बारीक टाके. चिमणीच्या पावलासारखे. दोरा अजून विटलेला नव्हता.